रिकाम्या खोलीची रेघ

१

अख्ख्या धंद्यात त्यांना सपाटकाका म्हणत. अंगाने ते मुळीच सपाट नव्हते. पोट चांगलं सुटलेलं, गाल वर आलेले, आणि हसायला लागले की खालची खुर्ची करकरायची. नाव पडलं होतं ते कामामुळे. जिथे गाणी आणि सिनेमांचे आवाज तयार होतात अशा स्टुडिओंमध्ये जाऊन तिथले स्पीकर खरं बोलतात की थापा मारतात, हे काका तपासायचे. आणि थापा मारत असतील तर त्यांना वठणीवर आणायचे.

कामाची रीत ठरलेली होती. ऐकणाऱ्याची खुर्ची बाहेर काढायची. त्याचं डोकं जिथे येतं तिथे, कानाच्या उंचीवर, बोटाएवढा माइक उभा करायचा. मग सगळ्यांनी बाहेर व्हायचं आणि दार लावायचं. काका बाहेर लॅपटॉप मांडीवर घेऊन बटण दाबायचे. आत स्पीकर एक शीळ घालायचा. पोटात घुमणाऱ्या खर्जापासून निघून ती डासाच्या गुणगुणीच्याही वर चढत जायची. शीळ संपली की पडद्यावर रेघ उमटायची, डावीकडे खर्ज, उजवीकडे वरचे बारीक सूर. रेघ सपाट आली तर स्पीकर खरं बोलतोय. उंचवटा आला तर तिथे तो वाढवून सांगतोय, खड्डा आला तर तिथलं काहीतरी गिळतोय.

पण बरेचदा दोष स्पीकरचा नसतोच, खोलीचा असतो. हे काका प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे, आणि जुन्यांनाही, ते पुरे म्हणत असले तरी. आवाज कानाशी दोनदा येतो. एकदा सरळ, एकदा कशावर तरी आपटून. आपटलेला किंचित उशिरा पोहोचतो आणि सरळ आलेल्याशी भांडतो. त्या भांडणाने रेघेला कंगव्यासारखे दात पडतात, ओळीने, सारख्या अंतरावर. दात रुंद असतील तर ती वस्तू माइकच्या जवळ आहे, बारीक असतील तर लांब. टोकदार असतील तर टणक, काच किंवा भिंत. बोथट असतील तर मऊ.

"म्हणून सांगतो, खोलीत कुणी थांबायचं नाही," काका बजावायचे. "माणूससुद्धा उमटतं रेघेत."

लोकांना ती बढाई वाटायची. एकदा एक वादक मुद्दाम पडद्यामागे लपून राहिला. काकांनी रेघ बघितली, दार किलकिलं केलं आणि आत हाक मारली, "अहो पडद्यामागचे, बाहेर या. आणि ते लोकरीचं जाकीट काढा, घामाघूम झाला असाल." त्या दिवसापासून काकांचा दबदबा वाढला. काका मात्र घरी जाऊन बायकोला हे तिखटमीठ लावून सांगण्यातच खूश होते. काकूंनी ते पंचवीसदा तरी ऐकलं असेल.

एकूण माणूस सुखी होता. काम आवडीचं, बायको हसरी, झोप गाढ. याहून जास्त काय लागतं?

२

लागतं. पोर सुखी असावी लागते.

काकांना एकच मुलगी. लाडाने तिला ठकी म्हणत, आणि तिशी ओलांडून लग्न झालं तरी ती ठकीच राहिली. बापाचा कान तिने जसाच्या तसा उचलला होता. माहितीपटांचे आवाज जुळवण्याचं काम ती करायची. बोलणारा माणूस किती पुढे, मागचं संगीत किती मागे, पावलांचा आवाज कुठे, वारा कुठे, हे सगळं मापात बसवायचं. पण ज्या भाड्याच्या खोलीत ती हे करायची ती खोली पक्की लबाड होती. खर्ज एकीकडे साठायचा, दुसरीकडे गायब व्हायचा. ठकी तिथे जे जुळवायची ते बाहेर गेलं की बिघडायचं, आणि कामं परत यायची. बोलणं डब्यातून आल्यासारखं वाटतंय, आवाज कुंद आहे, पुन्हा करा. दोन वर्षं हेच चाललं होतं.

"बाबा, माझे कानच गेले बहुतेक," ती एकदा म्हणाली. "सोडून देते हे सगळं. कुठेतरी नोकरी बघते, जिथे ऐकावं लागणार नाही."

ती चेष्टेत बोलली नव्हती. बिचारीने हसणंच सोडून दिलं होतं.

मग जावई आणि काका मिळून कामाला लागले. जावई शाळेत भूगोल शिकवायचे, स्वभावाने अगदी गाय. त्यांच्या घरामागे मोकळी जागा होती, तिथे ठकीसाठी एक खोली बांधायची ठरली. पाया खणण्यापासून सगळं नवं. विटा नव्या, लाकूड नवं, दारही नवं. त्या खोलीला मागचा इतिहास म्हणून काही नव्हताच. सुतार काकांच्या ओळखीतला आणि हाडाचा भांडखोर. "दोन भिंती समोरासमोर सरळ ठेवायच्या नाहीत म्हणता? मग घर बांधताय की चक्रव्यूह?" असं कुरकुरत त्याने प्रत्येक भिंत बरोबर तिरकी उभी केली आणि आतून जाड गाद्या ठोकल्या. खिडकी ठेवली नाही. दार लावलं की बाहेरचं जग बंद व्हायचं.

मापाच्या दिवशी सगळे जमले होते. काकूंनी जेवण मांडलेलं, जावई भुकेने येरझाऱ्या घालत होते, ठकी नखं खात होती. काका नेहमी तीनदा शीळ घालायचे, त्या दिवशी एकदाच घातली. आणि त्याहून मोठी चूक पुढेच केली.

कच्ची रेघ फार दातेरी असते. गिऱ्हाईक बघूनच घाबरतं. म्हणून बारीकसारीक खाचखळगे पुसून ती गुळगुळीत करून दाखवायची सोय असते. काका तिला इस्त्री म्हणायचे. त्यांचाच नियम होता की आधी कच्ची बघायची आणि मगच इस्त्री फिरवायची. पण त्या दिवशी पोटात कावळे ओरडत होते आणि पोरीचा चेहरा समोर होता. त्यांनी थेट इस्त्री फिरवली.

रेघ जवळजवळ सपाट. मधल्या सुरांच्या जरा खाली एक उथळ, रुंद खड्डा, आणि उजवीकडचं टोक किंचित खाली झुकलेलं. बस्स, एवढंच.

"सोन्यासारखी खोली आहे!" काका म्हणाले. कॉम्प्युटर आणि स्पीकर यांच्यामध्ये एक छोटी पेटी बसवतात, रेघेतली चूक भरून काढणारी. काकांनी पेटीला सांगितलं, इथे खड्डा आहे तेवढं उचल, आणि टोकाला जरा हात दे.

ठकी खुर्चीत बसली. एका म्हातारीच्या मुलाखतीचा तुकडा लावला, कितीदा तरी परत आलेला. ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"बाबा, ही बाई माझ्यासमोर बसलीय."

सगळ्यांचे डोळे ओले झाले. सुतारसुद्धा नाक ओढत होता, आणि भुसा गेला म्हणून सांगत होता.

३

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसता आनंद. ठकीचं काम पहिल्या फटक्यात पसंत व्हायला लागलं. एक झालं, दुसरं झालं, मग लोक आपणहून विचारत यायला लागले. तिचं हसू परत आलं, गालाला रंग आला. काकू म्हणाल्या, "पोरगी माणसात आली बाई एकदाची." काका आठवड्यातून एकदा तरी काहीतरी निमित्त काढून तिकडे जायचे आणि बंद दाराबाहेर पायरीवर बसून राहायचे. आत पोर सुखाने काम करतेय, याचंच त्यांना समाधान.

एवढं मात्र त्यांच्या लक्षात आलं की ठकी त्या खोलीतून फारशी बाहेर येत नाही. जेवायला तीनदा हाक मारावी लागते.

"त्या भाड्याच्या खोलीत जीव गुदमरायचा," ती म्हणाली. "इथे एकटं वाटतच नाही मला."

आणखी एक गोष्ट. खोलीच्या मागच्या भिंतीला कपाट होतं, खुर्चीच्या अगदी पाठीमागे. उठून सरळ दोन पावलं टाकली की हात पोहोचावा. ठकी मात्र टेबलाला वळसा घालून, पलीकडच्या भिंतीला घासून कपाटाशी जायची. जाताना तसंच, येताना तसंच. काकांनी विचारलं तर तिलाच नवल वाटलं. "खरंच की! असते एकेकाची सवय."

मग एका सकाळी तिचा फोन आला.

"बाबा, आवाज किंचित बदललाय रे. खड्ड्यात गेल्यासारखा वाटतो. एकदा येऊन रेघ काढ ना, आणि पेटी नव्याने लावून दे."

त्यात विशेष काही नव्हतं. नवं बांधकाम सुकतं, लाकूड हलतं, रेघ थोडी बदलते. काका माइक घेऊन गेले. ठकी बाजारात निघाली होती, जावयांना सुट्टी होती. त्यांनी खुर्ची बाहेर काढायला घेतली तर ती दारातच अडकली, आणि दार उघडं असतानाच काकांच्या हातून बटण दाबलं गेलं. शीळ चढत गेली.

रेघ आली. पहिल्या वेळी जिथे खड्डा होता, तिथे आता ठसठशीत उंचवटा. पेटी मुकाट्याने आवाज उचलत होती आणि भरायला खड्डाच नव्हता.

"अरेच्चा," काका म्हणाले. मग खुर्ची काढली, दार लावलं, पुन्हा बटण दाबलं. आता उंचवटा गेला होता आणि त्या जागी पहिल्यापेक्षा खोल खड्डा होता, थोडा उजवीकडे सरकलेला.

दाराने एवढा फरक पडत नाही. निदान या दाराने पडायला नको. काकांनी इस्त्री काढून टाकली.

कच्ची रेघ पडद्यावर आली आणि तिला दात होते. ओळीने, रुंद, सारखे. डावीकडे ठसठशीत, उजवीकडे जाताना बोथट होत गेलेले.

ते किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. जावयांनी चहा आणून ठेवला तो निवला. अशी रेघ त्यांनी जन्मात अनेकदा बघितली होती. माइकच्या मागे, हातभर अंतरावर, कपडे घातलेलं माणूस उभं असलं की ती अशीच येते.

४

काका घाबरट नव्हते आणि भोळे तर त्याहून नव्हते. खोलीने कोडं घातलं तर खोलीनेच उत्तर द्यायचं, असा त्यांचा खाक्या.

कपाट असेल. पण कपाट हातभर नाही, दोन पावलांवर होतं, त्याचे दात बारीक आले असते. तरी त्यांनी कपाटावर दोन घोंगड्या टाकल्या. दात तसेच. दार असेल. दारावर गादी टेकवली. दात तसेच. माइकचा स्टँड असेल, म्हणून तो बदलला. वायर असेल, तीही बदलली. मग त्यांनी सगळ्यात साधी गोष्ट केली. माइक उचलून हातभर पुढे, टेबलाकडे ठेवला. मागची वस्तू होती तिथेच असेल तर आता अंतर दुप्पट व्हायला हवं, दात निम्मे व्हायला हवेत.

शीळ झाली. दात होते तेवढेच रुंद.

काकांनी माइक पुन्हा मागे आणला. दात तेवढेच.

"जावईबापू," ते शक्य तेवढ्या सहज आवाजात म्हणाले, "एक काम करा. माइकच्या मागे हातभर अंतर सोडून उभे राहा बघू. हलू नका. मला रेघ ताडून बघायचीय."

जावई आत गेले. दार लागलं, शीळ झाली, जावई बाहेर आले. रेघेत आता दातांच्या दोन ओळी होत्या, एकमेकांत घुसलेल्या. एक हातभर अंतराची, दुसरी त्याहून थोडी जास्त.

"मी म्हटलं होतं तिथेच उभे होतात ना?"

"जरा बाजूला झालो," जावई ओशाळून म्हणाले. "तिथे काहीतरी अवघडल्यासारखं वाटलं. भरल्या बसमध्ये उभं राहताना वाटतं ना, तसं. चुकलं का माझं?"

"नाही हो," काका म्हणाले. "तुमचं काय चुकायचं!"

काकांनी लॅपटॉपमधली पहिल्या दिवसाची रेघ काढली, जेवणाच्या घाईत इस्त्री फिरवलेली. आज पहिल्यांदाच तिची इस्त्री उतरवली. तिलाही दात होते. बारीक, दोन हात अंतरावरचे. म्हणजे हे पहिल्या दिवसापासून होतं. रिकाम्या, कोऱ्या करकरीत खोलीत, सगळे बाहेर जेवणाची वाट बघत असताना, ते आत उभं होतं. आणि आपण काय केलं? त्याला धरून खोली जुळवली. ते उभं असेल तरच रेघ सपाट, नसेल तर आवाज चुकणार. ते नसताना चुकल्यासारखं वाटेल अशी खोली आपण आपल्या हाताने पोरीला करून दिली.

पहिल्या दिवशी दोन हात, आज एक हात. आणि ठकीला पेटी नव्याने लावून हवी होती.

५

ठकी परतली ती उड्या मारतच. एक मोठं काम मिळालं होतं, वर्षभराचं. "बाबा, झालं का? पेटी लावलीस?"

"उद्या लावतो," काका म्हणाले. "अजून दोन मापं घ्यायचीत."

"बरं. मग तोवर मी थोडं काम करते." खुर्ची ओढत ती आत गेली, दार लागलं.

तिने बाजूला सारलेला माइक अजून आतच होता आणि काकांच्या कानांवर हेडफोन होता. चोरून ऐकायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण काढायला हात वर गेला तो तिथेच राहिला.

आत म्हाताऱ्या माणसाचा आवाज सुरू झाला, थांबला. ठकी काहीतरी पुटपुटली. मग स्पष्ट म्हणाली, "आता?"

शांतता. कुणी विचारल्यावर समोरचा विचार करतोय, तेवढी.

"हो ना, मलाही तेच वाटलं. थोडं खाली घेते." बटणांचा आवाज. "आता बरंय?" पुन्हा तेवढीच शांतता. मग ठकी हसली, गोड, मनापासून. कितीतरी वर्षांत ती अशी हसली नव्हती.

पण काका शब्द ऐकत नव्हते. ते तिचा आवाज ऐकत होते. लहानपणापासून ओळखीचा तो आवाज, आणि त्याला आता एक दुसरी कड होती. तिच्या तोंडून निघून कुठेतरी अगदी जवळ, मऊ कशावर तरी टेकून परत येणारी. त्यांच्या कानांना मापाची गरज नव्हती. तिच्या मानेपासून ते वीतभर अंतरावर होतं.

ती बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "कुणाशी बोलत होतीस गं?"

"मी? छे!" ती म्हणाली. "काम करताना बडबडते मी. तुझाच गुण, बाबा."

घरी गेल्यावर त्यांनी काकूंना सांगून टाकलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोटात काही ठेवायची सवयच राहिली नव्हती.

"ठकीच्या खोलीत कुणीतरी आहे."

"उंदीर?"

"उंदरापेक्षा मोठं."

"केवढं?"

"आपल्या जावयांएवढं. तिच्या पाठीमागे उभं असतं. रोज थोडं जवळ येतं. दिसत नाही, पण रेघेत उमटतं."

काकूंनी हातातलं काम खाली ठेवलं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, वय झालं तुमचं. पण नवऱ्याची रेघ कधी चुकत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

"मग काढा त्याला," त्या म्हणाल्या.

"कसं काढू?"

"ते तुम्ही बघा. आणि ठकीला कळू देऊ नका. तिला कळलं तर ती त्या खोलीत पाऊल ठेवणार नाही. आणि खोली सुटली तर..." ती दोन वर्षं दोघांनीही बघितली होती, आणि ती दोघांनाही परत नको होती.

काका रात्रभर कूस बदलत राहिले. त्यांची कित्येक वर्षांत झोप मोडली नव्हती.

६

दुसऱ्या दिवशी ठकी नव्या कामाच्या लोकांना भेटायला गेली आणि जावई शाळेत. भर दुपारी, लख्ख उन्हात, काका मागच्या खोलीत शिरले. या वेळी खुर्ची बाहेर काढली नाही, माइकही उभा केला नाही. त्यांनी पेटीची वायर काढली, स्पीकर थेट जोडले, दार लावून घेतलं आणि पोरीच्या खुर्चीत बसले.

म्हातारीची मुलाखत लावली.

सुताराने खोली खरंच झकास बांधली होती. पेटी नसतानाही आवाज स्वच्छ आला, मोकळा, भरीव. म्हातारी समोर बसून बोलत होती, आपल्या आईबद्दल काहीतरी. काकांना वाटलं, संपलं. पेटीमुळेच राहिलं होतं, पेटीबरोबर गेलं. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि खुर्चीत सैल झाले.

आणि मग म्हातारीच्या आवाजातून काहीतरी कमी व्हायला लागलं. एकदम नाही, हळूहळू. आधी मधले सूर पोकळ झाले. मग बारीक सूर मवाळ झाले, 'स' आणि 'श' यांची धार गेली. पोकळी खालच्या सुरांतून वर वर सरकत होती. तिचा अर्थ काकांना तोंडपाठ होता. दोन हात. एक हात. वीत.

त्यांनी मागे बघितलं नाही. मागे बघून काही दिसणार नाही हे त्यांना माहीत होतं. दिसलंच तर काय, हा विचार त्यांनी मनाशी येऊ दिला नाही. त्यांनी मुलाखत बंद केली. खोली इतकी शांत झाली की स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यावं.

"नमस्कार," काका म्हणाले.

त्यांचाच आवाज त्यांच्या कानामागून परत आला. मऊ, आखूड, अगदी लगेच.

काय बोलावं हे त्यांनी ठरवून आणलं नव्हतं. ते जन्मभर गिऱ्हाइकांशी जसे बोलत आले तसेच बोलले.

"हे बघा, तुम्ही कोण ते मी विचारत नाही. चूक माझी आहे. मी रेघ नीट बघितली नाही आणि तुम्हाला धरून सगळं जुळवलं. तुम्हाला वाटलं असेल, ही जागा आपलीच. साहजिक आहे. पण ती माझी पोरगी आहे. तिचं आता कुठे सुरू झालंय. तिला सोडा. कुणाच्या तरी मागे उभं राहायलाच हवं असेल, तर माझ्या मागे उभे राहा. मी दिवसभर खोल्याच बघत हिंडतो, मला सोबत चालेल. मी चांगला माणूस आहे. विचारा हवं तर कुणालाही."

शेवटचं वाक्य बोलून त्यांचं त्यांनाच हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. मागून ते हसू किंचित उशिरा, किंचित मंद, मानेपाशी परत आलं.

काका उठले. ठकीसारखा टेबलाला वळसा न घालता, सरळ, सावकाश दाराशी गेले. दार उघडलं, आणि स्वतः बाहेर पडल्यावर ते जरा जास्त वेळ उघडं धरलं, आपण पाहुण्यासाठी धरतो तसं.

७

ठकी आली तेव्हा काका पायरीवर बसले होते.

"पेटी काढून टाकलीय मी," ते म्हणाले. "ऐकून बघ. अगदी खरं काय ते सांग."

"पेटीशिवाय?" तिने तोंड वाकडं केलं आणि आत गेली. दार लागलं. काकांनी डोळे मिटले. आत ते असेल तर तिला आवाज पोकळ येईल, आणि मग आपल्याकडे दुसरा इलाज नाही. नसेल तर नाही. त्यांनी आयुष्यात कुठल्याच निकालाची इतकी जीव मुठीत धरून वाट बघितली नव्हती.

दार धाडकन उघडलं.

"बाबा! केलंस काय तू? एकदम मोकळं झालंय! पहिल्या दिवसापेक्षा छान!" तिने बापाच्या गळ्यात हात टाकले. मग एक क्षण थांबून मागे खोलीकडे बघितलं. "थोडं ओकंओकं वाटतंय, पण तेवढं चालेल. सवय होईल."

"होईल," काका म्हणाले.

आणि त्या एका शब्दात त्यांना कळलं. उघड्यावर, जिथे आवाज आपटायला काही नसतं, तिथे तो त्यांच्या मानेमागून परत आला.

त्या संध्याकाळी सगळे ठकीकडेच जेवायला थांबले. घर नुसतं भरून गेलं होतं. जावई वर्गातल्या गमती सांगत होते. ठकी नव्या कामाचं सांगताना हातवारे करून पाणी सांडत होती आणि स्वतःच खिदळत होती. तिच्याकडे बघताना काकांचा ऊर भरून येत होता. आपल्यासारखा भाग्यवान आपणच, असं त्यांना वाटत होतं, आणि ते खोटं नव्हतं. फक्त ते फारसं बोलत नव्हते. बोललं की ऐकू यायचं.

"बाबा, आज गप्प का रे?" ठकीने विचारलं.

"तुझं ऐकतोय," ते म्हणाले, हळूच.

काकू भात वाढायला त्यांच्याजवळ आल्या. काकांचं पोट टेबलाच्या कडेला रुतलं होतं, घास तोंडाशी न्यायलाही अवघड जात होतं.

"अहो, असे काय बसलात? खुर्ची जरा मागे घ्या की."

"नाही जात मागे," काका म्हणाले.

काकूंनी वाकून बघितलं. खुर्चीच्या पाठीपासून भिंतीपर्यंत हातभर जागा मोकळी होती. त्या तिथेच थबकल्या. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, मग समोर हसत असलेल्या पोरीकडे. काका मान हलवून त्यांच्याकडे बघून हसले.

काकूंनी भाताचं भांडं खाली ठेवलं. टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेल्या, आणि दोन्ही हातांनी टेबल स्वतःकडे ओढून घेतलं.